चक्रांग की भुवई बदक? माद्या ओळखताना

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर किंवा नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात ही दोन्ही छोटी बदकं एकाच थव्यात चरताना दिसतात. नर पुरत्या रंगात असतील तर गोंधळ नाही. भुवई बदकाच्या तपकिरी डोक्यावर डोळ्यावरून मानेपर्यंत उतरलेली रुंद पांढरी भुवई असते. चक्रांगाचं डोकं तांबूस, डोळ्यापासून मागे हिरवा पट्टा आणि शेपटीखाली दोन्ही बाजूंना पिवळसर डाग.

अडचण माद्यांची. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती आणखी वाढते, कारण विणीनंतर नरही मादीसारखीच करडी-तपकिरी पिसं धारण करून येतात. भुवई बदकाचे नर तर हिवाळ्यात बराच काळ तसेच राहतात. त्यामुळे ‘थव्यात एकही भुवईवाला नर नाही, म्हणजे सगळे चक्रांग’ हा हिशोब धरू नका.

माझ्या मते सगळ्यात आधी चेहरा बघावा. भुवई बदकाच्या मादीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा असतो: डोळ्यावर फिकट रेघ, डोळ्यातून गडद रेघ, गालावर आणखी एक गडद रेघ आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. गळा पांढरा. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्यामानाने साधा. डोळ्यातून एक गडद रेघ जाते खरी, पण गालावर ठळक असं काही नाही. शेपटीच्या मुळाशी बाजूला मात्र फिकट रेघ असते आणि पक्षी आडवा असला तर ती लांबूनही दिसते.

चोच दुय्यम खूण म्हणून ठीक. भुवई बदकाची राखाडी आणि जरा लांब. चक्रांग मादीच्या चोचीच्या मुळाशी बऱ्याचदा नारिंगी छटा असते. आकारावर भिस्त ठेवू नये. चक्रांग साधारण ३४ ते ३८ सेंमी आणि भुवई ३७ ते ४१ सेंमी. एवढा फरक दुर्बिणीतून, तोही पाण्यावर, कळत नाही.

पक्षी उडाला तर मात्र पंखावर नजर ठेवा. चक्रांगाच्या पंखावरच्या हिरव्या पट्ट्याच्या पुढची पांढरी पट्टी मागच्यापेक्षा रुंद असते. भुवई मादीत उलट, मागची कड जास्त रुंद. भुवई नराच्या पंखाचा पुढचा भाग निळसर राखाडी असतो आणि मादीसारख्या पिसांच्या काळातही तो तसाच राहतो. उडतानाचा एक धूसर फोटोसुद्धा इथे पुरतो.