पॉवरशेल: लॅबमध्ये चार वर्षं रोज वापरल्यावर

खिडकीकडच्या रांगेतले चार पीसी सोमवारी आणि गुरुवारी आपोआप रीस्टार्ट व्हायचे. मुलं म्हणायची, "मॅडम, व्हायरस आलाय." मी दोन पीसी फॉरमॅट केले, एकाचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, एकाची रॅम काढून घासून बसवली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

तंत्रनिकेतनात दोन कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे आहेत, ६४ पीसी. त्या दिवशी संध्याकाळी मी पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून विंडोजकडून काम करून घ्यायच्या खिडकीत, गेट-विनइव्हेंट ही कमांड लिहून सगळ्यांच्या सिस्टिम लॉगमधल्या (विंडोज स्वतःच्या घडामोडी टिपून ठेवते त्या वहीतल्या) ४१ आणि ६००८ क्रमांकाच्या नोंदी मागवल्या. ४१ म्हणजे मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. पण ही नोंद पीसी परत चालू होताना पडते. तो बंद कधी पडला, ती वेळ ६००८च्या मजकुरात मिळते. त्या वेळा काढून ग्रुप-ऑब्जेक्टने वार आणि तासाप्रमाणे गट पाडले, तर पडद्यावर उत्तरच आलं: सोमवार आणि गुरुवार, साडेअकरा ते बारा, तेच चार पीसी. बाकी साठ पीसींवर काही नाही.

सोमवारी आणि गुरुवारी साडेअकराला शेजारच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं प्रॅक्टिकल असतं. मशीन लागलं की व्होल्टेज पडायचं. बाकीच्या रांगा यूपीएसवर तरून जायच्या, या रांगेच्या यूपीएसची बॅटरी मेलेली होती. बॅटरी बदलली आणि विषय संपला. दोन पीसी उगाच फॉरमॅट केले याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यात मुलांच्या फायली होत्या.

म्हणून हा रिव्ह्यू. पॉवरशेल फुकट आहे आणि तुमच्या विंडोजमध्ये आत्ताही आहे. तरी हार्डवेअरची कामं करणारी माझ्या ओळखीची बरीच मंडळी ती निळी खिडकी उघडतच नाहीत.

तिची खरी ताकद कशात आहे ते सांगते. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कमांड जे छापते तो नुसता मजकूर असतो. त्यातून तारीख हवी असेल तर ती कितव्या अक्षरापासून सुरू होते ते मोजत बसायचं. पॉवरशेलमध्ये एका कमांडकडून दुसरीकडे मजकूर जात नाही, अख्खी वस्तू जाते. तारीख तारीख म्हणूनच पोचते, तिला वार विचारता येतो. वर ६००८च्या मजकुरातली वेळ एकदा तारखेत बदलून घेतल्यावर मी वाराचे गट पाडले ते याच जोरावर. मायक्रोसॉफ्टमधले जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ साली मोनाड नावाने ही कल्पना मांडली, २००६च्या नोव्हेंबरात पहिली आवृत्ती आली. युनिक्समध्ये बहुतेक सेटिंग मजकुराच्या फायलींत असतात, विंडोजमध्ये तसं नाही, म्हणून युनिक्सची रीत इथे जशीच्या तशी चालेना, हे त्यामागचं कारण.

नावंही समजूतदार आहेत. आधी क्रियापद, मग नाम: गेट-सर्व्हिस, रीस्टार्ट-सर्व्हिस. आपण मराठीत क्रियापद शेवटी टाकतो, त्यामुळे पहिले काही दिवस माझी बोटं उलटी चालायची. एकदा सवय झाली की न शिकलेली कमांडही अंदाजाने बरोबर निघते. गेट-हेल्पला एक्झाम्पल्स जोडलं की वापराचे नमुने समोर येतात. मात्र आधी अपडेट-हेल्प चालवावं लागतं, नाहीतर मदत अर्धवटच दिसते.

सगळ्या पीसींवर एकदम काम करायचं तर इन्व्होक-कमांड. ती आपणहून एका वेळी ३२ पीसी घेते, म्हणजे माझ्या दोन्ही लॅब दोन घासांत. कोणाचा सी ड्राइव्ह भरलाय, कोणाचा प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) अडकलाय, हे खुर्चीतून न उठता कळतं. पण तिथवर पोचायला मला दोन आठवडे लागले. नेटवर्क पब्लिक म्हणून नोंदलेलं असेल तर पीसीवर रिमोटिंग, म्हणजे दुसऱ्या पीसीवरून कमांड घेणं, सुरूच होत नाही, ते आधी प्रायव्हेट करावं लागतं. आमच्यासारखं डोमेन (सगळ्या पीसींची खाती एका सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) नसलेलं, नुसतं वर्कग्रुप असेल तर ट्रस्टेड होस्टच्या, म्हणजे विश्वासातल्या पीसींच्या, यादीत नावं भरावी लागतात. हे कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आता धोक्याचं. मागच्या वर्षी जागा मोकळी करायला ९० दिवसांत न बदललेले फोल्डर पुसणारी स्क्रिप्ट (एकामागोमाग चालणाऱ्या कमांडची फाइल) मी लिहिली. फोल्डरची बदलल्याची तारीख फक्त त्याच्या थेट आतलं काही नवीन आलं, गेलं किंवा नाव बदललं तरच बदलते. आतल्या उपफोल्डरमध्ये रोज काम चालू असलं तरी बाहेरच्याची तारीख जुनीच राहते. मला हे माहीत नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचं प्रोजेक्ट त्यात गेलं. रिमूव्ह-आयटम रीसायकल बिनमध्ये काही टाकत नाही, थेट पुसतं. तिच्या पेनड्राइव्हमध्ये आठवड्यापूर्वीची प्रत होती, आठवड्याचं काम मात्र गेलं ते गेलंच. कमांडच्या शेवटी व्हॉट-इफ लिहिलं असतं तर काय काय पुसलं जाणार याची यादी आधी दिसली असती आणि तिचं नाव मला वाचता आलं असतं. आता व्हॉट-इफची यादी छापून वर्गशिक्षकांची सही घेतल्याशिवाय मी काहीही पुसत नाही.

इंटरनेटवरची स्क्रिप्ट न वाचता चालवू नका. एक्झिक्युशन पॉलिसी, म्हणजे स्क्रिप्ट चालू द्यायची की नाही हे ठरवणारं सेटिंग, आड येईल असं समजू नका, ती फक्त चुकून स्क्रिप्ट चालू नये म्हणून लावलेली कडी आहे, कुणालाही काढता येते.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. विंडोजसोबत येते ती ५.१ आवृत्ती. तिच्यात एक्स्पोर्ट-सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडता येईल अशी यादी काढणारी कमांड, काही न सांगता आस्कीमध्ये लिहिते आणि आस्की या जुन्या इंग्रजी अक्षरसंचात देवनागरी नाहीच. मी एन्कोडिंग (अक्षरं फायलीत कोणत्या पद्धतीने साठवायची ते) लिहायला विसरले तेव्हा परीक्षेच्या बैठक यादीत सगळ्या मुलांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. प्रश्नचिन्हं आली की त्या फायलीतून नाव परत मिळत नाही, मूळ यादीच हवी. ५.१ मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत) लिहिलं की काम होतं. ७ ही आवृत्ती वेगळी उतरवून घ्यावी लागते, ती ५.१ च्या शेजारी नांदते आणि मुळातच यूटीएफ-८ लिहिते. पण फायलीच्या सुरुवातीला बीओएम ही, फाइल यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला सांगणारी, खूण टाकत नाही, म्हणून डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसतात. तेव्हा घाबरू नका, आतली नावं शाबूत असतात. एन्कोडिंग यूटीएफ-८ बीओएम असं लिहून यादी पुन्हा काढली, की 'कांबळे'मधला ळसुद्धा जागच्या जागी येतो. परवा तशीच काढलेली यादी शिपाई मामांनी लॅबच्या दारावर लावली आणि मुलं आपापलं नाव शोधून आत गेली.