दांडिया बाजारातील जुन्या एसटीडी बूथचे दुकान

बडोद्याच्या दांडिया बाजारातील, एकेकाळी परगावी फोन लावून देणारे हे दुकान आता झेरॉक्स, रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे काम करते. मात्र लाकडी केबिन आणि दाराच्या चौकटीवरचा पिवळा रंग मालकांनी मुद्दाम जपला आहे, आणि रात्री उशिरा पाव दराने मुंबईला फोन लावण्यासाठी इथे लागणारी रांग जुन्या बडोदेकरांना अजून आठवते. ज्यांच्यामुळे असे बूथ गल्लोगल्ली पोहोचले, ते सॅम पित्रोदा याच शहरातले विद्यार्थी. ओडिशातील टिटलागढ येथे १९४२ साली जन्मलेल्या पित्रोदांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, शिकागो गाठले, आणि तिथे त्यांच्या सहभागातून उभी राहिलेली वेसकॉम स्विचिंग ही टेलिफोन यंत्रणा बनवणारी कंपनी १९८० साली रॉकवेल या अमेरिकी कंपनीने विकत घेतली. पित्रोदांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने पुढे वातानुकूलनाशिवाय, खेड्यातल्या धुळीत आणि उन्हाळ्यातही चालणारे १२८ पोर्टचे (जोडण्यांचे) ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या पदांपेक्षा हे काम मोठे.

दुकानाविषयी सांगायचे तर, झेरॉक्स स्वच्छ निघते आणि फॉर्म भरताना मालकीणबाई प्रत्येक रकाना मोठ्याने वाचून दाखवून मगच सबमिट करतात, ही ज्येष्ठांसाठी मोठीच सोय आहे. शाळाप्रवेशाच्या दिवसांत टोकन नसल्यामुळे गोंधळ होतो, केबिनमध्ये पंखा नाही, आणि लॅमिनेशनच्या कडा कधीकधी सुटतात. त्यामुळे कागदपत्रांसाठी सकाळी लवकर जावे. लॅमिनेशन मात्र दुसरीकडे करावे.