एसीच्या पाण्याचं फिटिंग करून घेतलं, वर्षभराचा अनुभव

नाशिकमध्ये इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही, बेडरूममध्ये दीड टनाचा एसी आणि त्याचा ड्रेन पाइप नुसताच बाहेर सोडलेला, रात्रभर खालच्या काकूंच्या पत्र्यावर टप टप टप. काकू कधी भांडल्या नाहीत, पण एकदा जिन्यात म्हणाल्या, "अगं, झोप नाही लागत गं," तेव्हा मलाच कसंतरी झालं. मग पाथर्डी फाट्याकडच्या एका एसी रिपेअरिंगवाल्या दादांकडून पाइप वळवून बाल्कनीत कॅनमध्ये आणला. पाइप, क्लॅम्प, २० लिटरचा झाकणवाला कॅन आणि मजुरी सगळं मिळून ७५० रुपये.

पहिल्यांदा काम बिघडलं होतं ते आधीच सांगते. दादांनी पाठवलेल्या मुलाने पाइपला मध्येच झोल ठेवला आणि टोक पार कॅनच्या बुडाशी घातलं, तिसऱ्या रात्री पाणी उलटं फिरून इनडोअर युनिटमधून भिंतीवर आलं, गादी भिजली, आणि दोन दिवस फोन उचलला नाही त्यांनी, खूप राग आला होता. नंतर दादा स्वतः आले, पाइपला सलग ढाळ दिला, टोक कापून पाण्याच्या चार बोटं वर ठेवलं. म्हणाले ताई, हे पाणी नुसतं उतारानेच जातं, मागून ढकलायला काही नसतं. जास्तीचे पैसे घेतले नाहीत आणि तेव्हापासून एक थेंब आत आलेला नाही.

पाणी किती मिळतं तर एप्रिलमध्ये आपल्याकडे हवा कोरडी, रात्रभरात जेमतेम दोन-तीन लिटर, पण जूनमध्ये पाऊस यायच्या आधी चिकचिक होते ना तेव्हा १० लिटरच्या पुढे जातं, कारण खोलीतल्या हवेतला दमटपणाच गार कॉइलवर पाणी होऊन उतरतो. भावाने टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) लावून बघितलं, नळाचं १६० आणि याचं १८. लादी पुसली की पांढरे डाग राहत नाहीत, कॉटनच्या साड्यांवर इस्त्रीआधी शिंपडते, बाकीचं कुंड्यांना. क्षार जवळजवळ नाहीत म्हणून झाडांना शेणखत मात्र नेहमीसारखं घालावं लागतं. गंगापूर धरणाचं शुद्ध केलेलं पाणी लादीवर ओतायचं आणि उन्हाळ्यात कपातीची बातमी आली की घाबरायचं, हे मला आता खरंच पटत नाही.

पिऊ नका पण, कॉइलवरची धूळ, बुरशी सगळं त्यात येतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घाला असं बरेच जण सांगतात, मी नाही घालत, कॉइलचा धातू थोडाफार उतरतोच, डिस्टिल्ड वॉटरची बाटली काही महाग नाही. आणि कॅनच्या तोंडाला जाळी बांधाच, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, मी दर दोन दिवसांनी कॅन रिकामा करून आतून घासते.

गाडीच्या एसीचं पण करून बघितलं, पार्किंगला आल्यावर खाली घमेलं ठेवलं, मिळालं ग्लासभर, तेवढ्यासाठी गाडी चालू ठेवण्यात अर्थ नाही.

५ पैकी ४ स्टार, एक कापला तो गादीचा आणि न उचललेल्या फोनचा. हॉलच्या एसीचं काम पण त्यांनाच देतेय, फक्त दादा स्वतः येणार असतील तरच असं सांगून ठेवलंय.