घरी येणारं पॅलिएटिव्ह केअरचं पथक, इंदूर : पाचपैकी चार

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. आता केमो झेपणार नाही हे ठरल्यावर एका धर्मादाय संस्थेचे डॉक्टर आणि नर्स आमच्या रामबागेतल्या घरी येऊ लागले. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा दुखणं आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा. फी नाही, औषधांचे पैसे तेवढे.

नर्सताईंनी आल्या आल्या फाइल मागितलीच नाही. पलंगाच्या कडेला टेकल्या आणि अण्णांनाच विचारलं, "आजाराबद्दल तुम्हाला किती सांगू? की मुलाशीच बोलू?" यावरूनच घरात कुजबुज चालली होती, नणंदेचं म्हणणं, सांगू नका, खचतील. अण्णा बँकेतून रिटायर झालेले. म्हणाले, "पासबुक माझं आणि एन्ट्री दुसऱ्यांना दाखवणार होय?" विषय संपला.

मॉर्फिनचं नाव ऐकून आम्ही टरकलो होतो. डॉक्टरांनी बसून समजावलं: दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, दुखण्याची वाट न बघता. झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. २०१४ मध्ये मॉर्फिनसारख्या औषधांवरचा कायदा सैल झाला तरी आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ही गोळी ठेवत नाही. ती संस्थेतूनच मिळायची. अण्णा पुन्हा कुशीवर झोपू लागले, पेपर वाचू लागले.

खरा तमाशा सलाइनवरून झाला. जेवण सुटलं तेव्हा आत्याबाई देवासहून आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उपाशी मारताय का त्याला?" नाकातून नळी घालावी, निदान सलाइन तरी लावावं, असा त्यांचा हट्ट. डॉक्टरांनी त्यांना बाजूला न सारता अण्णांच्या सुजलेल्या पावलावर बोट दाबून दाखवलं. खळगा तसाच राहिला. "आत गेलेलं पाणी शरीराला वापरता येत नाहीये. वरून आणखी घातलं तर ते छातीत साठेल, धाप वाढेल. भूक गेली ती आजारानं, तुम्ही देत नाही म्हणून नव्हे." मग कापसाने ओठ ओले करायला त्यांनाच शिकवलं. सराफ्यातून आणलेली शिकंजी अण्णांनी चमचाभर चाखली, तीही आत्याबाईंच्याच हातून.

एका वाईट रात्रीनंतर माझ्या नवऱ्याने विचारलं, "एखादं इंजेक्शन देऊन सोडवता नाही येणार?" डॉक्टर ओरडले नाहीत, उपदेशही केला नाही. ते कायद्यात बसत नाही, मी करणारही नाही, पण व्हेंटिलेटर नाकारायचा हक्क अण्णांना आहे, असं स्वच्छ सांगितलं.

एक तारा इथेच कापला. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. हे आम्हाला फार उशिरा कळलं. नोटरी घरी आला तेव्हा अण्णांचा हात इतका थरथरत होता की सही बँकेत पास झाली नसती. हा कागद पहिल्याच भेटीत काढायला हवा. शिवाय रात्री आणि रविवारी फक्त फोनवर सल्ला. कोणी येत नाही. अटेंडंट त्यांच्याकडे मिळत नाही. आम्ही बाहेरच्या एजन्सीकडून घेतला, तर त्याला कूस बदलायलाही नर्सताईंनीच शिकवलं.

बोलवायचं तर शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. केमो चालू असतानाही हे लोक येतात.