पवना की पानशेत : सायकलवरून एकट्याने करायच्या एका रात्रीच्या मुक्कामासाठी

पुण्याहून सायकलला सामान बांधून एकट्यानेच निघायचे, जलाशयाकाठी एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरी परतायचे असे मनात असेल, तर विचार बहुधा दोन नावांवर येऊन थांबतो : मावळातला पवना आणि खडकवासल्याच्या पलीकडचे पानशेत. मुळशीही जवळच आहे, परंतु ताम्हिणीकडे जाणाऱ्या मोटारी आणि पिरंगुटच्या कारखान्यांची अवजड वाहने पाहता पहिल्याच खेपेला एकट्या माणसाला तो रस्ता मी सुचवणार नाही. उरलेल्या दोन्ही ठिकाणी मी एकट्याने मुक्काम केलेला आहे आणि त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, ही निवड देखाव्यावरून करू नये. आधी परतीची सोय पाहावी आणि त्यानंतर वार पाहावा.

परतीच्या सोयीत पवना सरळसरळ उजवा ठरतो. शिवाजीनगरहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने निगडी, देहूरोड, वडगाव करत कामशेत गाठायचे आणि तिथून डावीकडे पवनानगरच्या रस्त्याला लागायचे, असा हा सुमारे ६० किलोमीटरचा पल्ला आहे. महामार्गाचा भाग कंटाळवाणा आहे हे मान्य करायला हवे. पण कामशेतपर्यंतच्या साऱ्या वाटेला पुणे-लोणावळा लोहमार्गाची सोबत असते आणि तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत अशी स्थानके थोड्या थोड्या अंतरावर लागतात. गुडघा दुखू लागला, टायर फाटला किंवा नुसताच धीर सुटला, तरी सामानाचे तिकीट काढून लोकलच्या मालडब्यात सायकल चढवता येते. दुपारी गाड्या विरळ असतात, तेवढे वेळापत्रक मात्र आधी पाहून ठेवावे. ज्याला परतीला तोच रस्ता नको असेल त्याने तिकोना पेठेवरून हडशी, कोळवण, पौड असे वळावे. हा रस्ता फार सुंदर आहे, परंतु शेवटी पिरंगुटचा घाट आणि चांदणी चौकाकडचा चढ दमलेल्या पायांनीच चढावा लागतो.

पानशेतला हा आधार नाही. स्वारगेटपासून सिंहगड रस्त्याने खडकवासला, डोणजे, खानापूर असे जात धरणापर्यंतचे अंतर ४० ते ४५ किलोमीटर भरते, म्हणजे पवन्याहून बरेच कमी. आणि खडकवासल्याचे पाणी बराच वेळ उजव्या हाताला सोबत करत राहते, ही या वाटेची मोठी जमेची बाजू आहे. खानापूरपुढे मात्र दुकाने कमी होत जातात, सायकल दुरुस्त करणारा भेटेलच असे नाही, आणि दरीच्या वळणावळणांत मोबाइलची रेंजही भरवशाची राहत नाही. अडचण आली तर एखाद्या टेम्पोला हात करणे किंवा घरच्यांना बोलावणे एवढेच हाती उरते. पंक्चर स्वतःला काढता येत नसेल, तर पानशेत पुढच्या वर्षावर टाकावे, असे मी आग्रहाने सांगेन. माझा स्वतःचा पुढचा टायर वरसगावच्या काठाकडे उतरणाऱ्या पायवाटेवर बाभळीच्या काट्याने बसला होता. काटा इतका बारीक, की ट्यूब बदलून हवा भरली आणि ती दहा मिनिटांत पुन्हा गेली, कारण काट्याचे टोक टायरच्या आतल्या अंगाला तसेच रुतून राहिले होते. टायरच्या आतून बोट हळूहळू फिरवत टोक शोधायचे आणि मगच दुसरी ट्यूब घालायची, हे त्या संध्याकाळी अंधार पडता पडता मी शिकलो. तेव्हापासून दोन ट्यूब, पंप आणि बारीक चिमटा हे सामान माझ्या पिशवीत कायमचे असते.

आता वाराचा विचार. शनिवारी रात्री पवन्याच्या काठावर तंबूंच्या रांगा लागतात आणि त्यांच्यासोबत ध्वनिवर्धक, शेकोट्या व मोटारींचा राबता येतो. ज्याला एकांतासाठी जायचे आहे त्याची तिथे निराशा होईल. मंगळवार-बुधवारी तोच काठ अगदी शांत असतो, लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चार किल्ल्यांच्या मधोमध पाणी पसरलेले दिसते, आणि रात्री टिटवीखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. पानशेतच्या बाजूला मुक्कामाच्या जागा विखुरलेल्या असल्यामुळे शनिवारीही शांतता मिळू शकते. तिथली गर्दी मुख्यतः रस्त्यावर असते : खडकवासल्याच्या चौपाटीवर भजी आणि कणसे खायला आलेल्या मोटारींमुळे रविवारी संध्याकाळी सायकलसुद्धा पुढे सरकत नाही. म्हणून आठवड्यात एक दिवस रजा मिळत असेल तर पवना निवडावा, आणि शनिवार-रविवारखेरीज सवडच नसेल तर पानशेत.

सामानातही फरक पडतो. पवन्याच्या काठी तंबू, रात्रीचे जेवण आणि सकाळचे पोहे देणारे अनेक जण आहेत, त्यामुळे स्लीपिंग बॅग, गरम कपडे आणि अवजारे घेतली तरी काम भागते. पानशेतला स्वतःचा तंबू, मॅट आणि निदान एका जेवणाची शिदोरी धरली की ओझे आठ-दहा किलोंवर जाते, आणि ते खानापूरपुढच्या चढउतारांवर चांगलेच जाणवते. कुठेही गेलात तरी मोकळी दिसली म्हणून जागेवर तंबू ठोकू नये. पाण्यालगतची जमीन पाटबंधारे खात्याची असते, तिच्या वरची कुणाच्या तरी नावावर असते, आणि या दोन्ही खोऱ्यांतल्या लोकांच्या जमिनी धरणांखाली गेलेल्या आहेत. पवन्याचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळात आंदोलन झाले आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. अशा गावात शेतकऱ्याला विचारून, त्याला योग्य पैसे देऊन त्याच्या अंगणात किंवा बांधावर राहणे हेच उचित आहे. त्यात आपलीही सुरक्षितता आहे, कारण एकटा माणूस रात्री कुठे झोपला आहे हे गावातल्या एका तरी घराला ठाऊक असते. एकट्या स्त्रीने तर घराच्या अंगणाचाच आग्रह धरावा.

पाण्यात मात्र दोन्हीकडे उतरू नये. काठाचा गाळ वरून घट्ट दिसतो आणि पाय आत ओढून घेतो, शिवाय तळ एकाएकी खोल जातो; एकट्याला तिथे हात देणारे कुणी नसते.

दोन्हींसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. धरणे बऱ्यापैकी भरलेली असतात, तर मे महिन्यात पाणी आटून काठाला नुसता भेगाळलेला गाळ उरतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा चार वाजेपर्यंत मुक्कामी पोहोचण्याच्या बेताने निघावे; म्हणजे पानशेतसाठी जेवून बारापर्यंत आणि पवन्यासाठी सकाळी नऊच्या आत. पहाटे तंबूवर इतके दव साचते की तो ओलाच गुंडाळावा लागतो, म्हणून प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी जवळ असू द्यावी. पानशेतहून परतताना उन्हाची वाट न पाहता सात वाजता सायकलवर बसावे. दहाच्या आत धायरी फाटा ओलांडला, तर सिंहगड रस्ता अजून जाण्याजोगा असतो.