मातीचा पुरावा वाचायला शिकवणारा अभ्यासवर्ग

वायव्य युरोपातील आद्य मध्ययुगीन समाजांच्या पुरातत्त्वावरील जो मराठी अभ्यासवर्ग नुकताच कॉलेज रोडवर पार पडला, तो इतिहासाची आवड असणाऱ्या प्रत्येक नाशिककराने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या काळाची लेखी साधने तुटपुंजी आहेत, त्याचा इतिहास मातीतून कसा उभा राहतो, हे येथे सटन हू येथील जहाज-दफनाच्या, म्हणजे जहाजासह केलेल्या दफनाच्या, आधारे सविस्तर शिकवले जाते. इंग्लंडच्या सफक परगण्यातील या दफनाच्या टेकाडाचे उत्खनन १९३९ मध्ये बेसिल ब्राउन यांनी सुरू केले, तेव्हा सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचे लाकूड आम्लधर्मी वाळूत पार कुजून गेले होते. मात्र फळ्या जोडणारे लोखंडी खिळे रांगेने जागच्या जागी होते आणि वाळूवर जहाजाचा संपूर्ण ठसा उमटलेला होता. अध्यापिकांनी त्या ठशाचे छायाचित्र पडद्यावर बराच वेळ ठेवले आणि खिळ्यांच्या रांगांवरून फळ्यांची रचना आम्हालाच ओळखायला लावली. सोबतच्या थैलीतील फ्रँकिश (आजच्या फ्रान्स व आसपासच्या प्रदेशातील फ्रँक राज्याच्या) टांकसाळींच्या ३७ सुवर्णनाण्यांवरून हे दफन सातव्या शतकाच्या पूर्वार्धातील ठरते. परंतु ते पूर्व इंग्लंडमधील पूर्व अँग्लिया या राज्याचा राजा रेडवाल्ड याचेच होते, हे केवळ अनुमान असल्याचे त्यांनी आवर्जून बजावले. पुरावा आणि अनुमान यांतील ही सीमारेषा इतक्या काटेकोरपणे पाळणारे वक्ते आपल्याकडे विरळाच. त्या काळच्या युरोपीय दागिन्यांतील अनेक गार्नेट (लाल रत्नखडे) भारतातून आणि श्रीलंकेतून गेले होते, हे रासायनिक विश्लेषणाच्या आधारे सांगितले गेले, तेव्हा विषय एकदम जवळचा वाटला.

उणीव आहे ती वेळेच्या वाटणीत. इंग्लंडमधील वेस्ट स्टो या जुन्या वस्तीतील खड्ड्यांवर उभारलेल्या लाकडी झोपड्या घाईने उरकल्या गेल्या, आणि आजच्या नेदरलँड्समधील ऱ्हाइनकाठच्या डोरेस्टाड या व्यापारी बंदराच्या वाट्याला एकच स्लाइड आली. नदीचे पात्र सरकत गेले तसतसे तेथील लोक लाकडी धक्के पुढे वाढवत राहिले, ही हकीकत गोदाकाठी राहणाऱ्या श्रोत्यांना नक्कीच खिळवून ठेवणारी होती. शिवाय राजांच्या दफनांपेक्षा सामान्यांची घरे आणि बाजार समाजाविषयी अधिक सांगतात. सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नसल्यामुळे दुपारच्या सत्रात नकाशे नीट दिसले नाहीत, याकडेही आयोजकांनी लक्ष द्यावे.

शुल्क मात्र माफक आहे, आणि टिपणे शुद्ध, सुबोध मराठीत दिली जातात. पुढच्या तुकडीत डोरेस्टाडसाठी स्वतंत्र सत्र ठेवले जाणार असेल, तर मी पुन्हा नाव नोंदवीन.