हाय-हॅट जागेवर राहील तर शपथ: मोनो रेडिओ-ध्वनिमुद्रणे स्टिरिओ करणाऱ्या प्रोग्रामचा वापरानंतरचा अनुभव

मोनो ध्वनिमुद्रणातून वाद्ये वेगळी काढणाऱ्या या प्रोग्रामने गेल्या अपडेटमध्ये जुने मॉडेल निवडण्याची सोय काढून टाकली. त्यामुळे ज्या टेपच्या पूर्वार्धातली वाद्ये मी आधी वेगळी करून ठेवली होती, तिचा उत्तरार्ध आता वेगळ्याच कानाने ऐकल्यासारखा बाहेर पडतो. वर्गणीच्या नूतनीकरणाची सूचनाही त्याच आठवड्यात आली, म्हणून हे लिहायला बसलो आहे. प्रोग्रामचे नाव मुद्दाम देत नाही. स्टेम म्हणजे एकत्र आवाजातून वेगळा काढलेला गायनाचा किंवा वाद्याचा ट्रॅक, पॅन करणे म्हणजे तो डावीकडे-उजवीकडे कुठे ऐकू यावा ते ठरवणे, आणि मॉडेल म्हणजे ही विभागणी उदाहरणांवरून शिकलेली संगणकीय प्रणाली.

माझे साहित्य एकाच प्रकारचे आहे: साठच्या दशकातल्या ब्रिटिश रॉक बँडची बीबीसी रेडिओसाठी झालेली ध्वनिमुद्रणे. व्यापारी तबकड्या रेडिओवर किती तास वाजवाव्यात यावर त्या काळी मर्यादा असल्यामुळे बँडना स्टुडिओत बोलावून तीच गाणी रेडिओसाठी पुन्हा वाजवून घेतली जात, आणि या सक्तीतून एक मोठा समांतर संग्रह तयार झाला. एकट्या बीटल्सनी 1962 ते 1965 या काळात बीबीसीसाठी 88 वेगवेगळी गाणी मिळून 275 वेळा सादर केली. मूळ टेपपैकी कित्येक पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. जे उरले ते एक तर परदेशी केंद्रांना पाठवलेल्या ट्रान्स्क्रिप्शन तबकड्यांवर, किंवा घरच्या टेपरेकॉर्डरवर प्रक्षेपण टिपून ठेवणाऱ्या श्रोत्यांच्या कृपेने. हे सगळे मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे, आहे. त्या काळच्या या सत्रांत वाद्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर टिपणारा मल्टिट्रॅक नव्हता. आवाजावर आवाज चढवायचा असेल तर एका मोनो टेपवरून दुसऱ्या मोनो टेपवर प्रत उतरवताना सोबत गायचे किंवा वाजवायचे, एवढाच मार्ग होता. त्यामुळे मूळ ट्रॅक शोधून नवे मिक्स करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एकत्र झालेल्या आवाजातूनच वाद्ये उपसून काढावी लागतात.

हे शक्य होण्यापूर्वी काय चालत असे ते आठवले की आजच्या तक्रारी लाडाच्या वाटतात. कॅपिटॉल या तबकडी कंपनीने 1961 मध्ये ड्युओफोनिक नावाखाली मोनो ध्वनिमुद्रणांना जी वागणूक दिली, तिच्यात एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तार आणि दोन्हींमध्ये किंचित कालांतर अशी रचना असे. हेडफोनवर ती डोके उठवते, आणि दोन्ही वाहिन्या पुन्हा एकत्र केल्या तर कालांतरामुळे काही कंप्रता एकमेकींना खातात व आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. त्या तुलनेत डीझर या संगीत-सेवेने 2019 मध्ये खुला केलेला, वाद्ये वेगळी काढणारा स्प्लीटर, त्याच कामाचा डेमक्स आणि त्याच पद्धतीवर उभे असलेले आजचे वर्गणीचे प्रोग्राम ही वेगळीच गोष्ट आहे, हे आधी मान्य करतो.

आणि पहिल्या काही आठवड्यांत मी खरोखर खूष होतो. विशेषतः बासवर. मध्यम लहरींवरून टिपलेल्या आणि गिटारच्या मागे नुसती गुरगुर म्हणून ऐकू येणाऱ्या बास-ओळी या प्रोग्रामने स्वर ओळखता येईल इतक्या स्वच्छ काढून दिल्या. अट एकच: विजेच्या मुख्य पुरवठ्याचा 50 हर्ट्झचा हम आणि त्याच्या पटीतले 100 व 150 हर्ट्झचे आवाज आधी काढून टाकलेले हवेत. ते राहिले तर सगळे मुकाट बासच्या स्टेममध्ये जाऊन बसतात आणि दोन ओळींमधल्या शांततेतही बास चालूच राहतो. टेपची गतीही विभागणीपूर्वीच सुधारून घ्यावी. नंतर प्रत्येक स्टेमची वेगळी सुधारायला गेल्यास ते एकमेकांपासून सरकण्याचा धोका असतो.

आता हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी. माझ्या मते या सगळ्या प्रकाराची परीक्षा इथेच होते, आणि मित्रमंडळी मला याबद्दल हसत असली तरी मी मागे हटणार नाही. ड्रम उजवीकडे, गायन मधोमध, गिटार डावीकडे अशी साधी मांडणी करा आणि गाण्याचे कडवे ऐका. स्नेअर आणि किक हे दोन ड्रम उजवीकडे नीट बसतात. हाय-हॅट मात्र गायक गप्प असेपर्यंतच उजवीकडे असतो. गायकाच्या तोंडून ‘स’ किंवा ‘श’ निघाला की तो त्या क्षणापुरता मध्यभागी उडी मारतो, आणि रिदम गिटार जोरात छेडली गेली की डावीकडे डोकावून परत येतो. एकदा हे कानावर आले की दुसरे काही ऐकूच येत नाही. चांगला ड्रमर जे एक वाद्य घड्याळासारखे एका जागी वाजवत असतो, नेमके तेच खोलीभर फिरत राहते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. हाय-हॅटची ओळख पटवणारी कंप्रता मुख्यतः वरच्या पट्ट्यात असते, आणि मध्यम लहरींच्या रेडिओतून साधारण 5 किलोहर्ट्झच्या पुढचे फारसे काही बाहेर येत नाही. उरतो तो झांजेचा खालचा खळखळाट, आणि त्याच पट्ट्यात गायकाची ऊष्म व्यंजने, गिटारवरचा प्लेक्ट्रमचा खरडा आणि टेपची खरखर हे सगळे दाटीवाटीने बसलेले असतात. दुसरे असे की या क्षेत्रातला एमयूएसडीबी 18 हा सर्वाधिक वापरला जाणारा प्रशिक्षणसंच 150 गाण्यांचा आहे आणि ती सगळी स्टिरिओ व पूर्ण पट्ट्याची आहेत. कोणते वाद्य कोणत्या बाजूला आहे याची खूण अशा गाण्यांत मॉडेलला आयती मिळते. मोनो ध्वनिमुद्रणात दोन्ही वाहिन्या एकसारख्याच असल्यामुळे ती खूणच नाहीशी होते. पडताळा पाहायचा असेल तर व्हीएचएफवरून (आज ज्याला एफएम म्हणतात) टिपलेले एखादे प्रक्षेपण घ्या. बीबीसीचे लाइट प्रोग्रॅम हे केंद्र 1955 पासून व्हीएचएफवरही मिळत असे, आणि ज्या श्रोत्याने तिथून सेकंदाला पावणेचार इंच गतीने टेप केली, त्याच्या टेपवरचा हाय-हॅट कितीतरी शहाण्यासारखा वागतो. सेकंदाला 1⅞ इंच गतीवर पैसे वाचवणाऱ्यांच्या टेपा पुन्हा भटक्या निघतात. (टेपची बचत करण्याची वृत्ती मला समजते; दोष देत नाही.)

हे सर्व मी ग्राहक सेवेला उदाहरणांच्या ध्वनिफितींसह लिहून पाठवले आणि जुने मॉडेल परत देण्याची विनंती केली, कारण जुन्या मॉडेलमध्ये ही उडी निदान सौम्य होती. उत्तर आले की उत्तम परिणामांसाठी उच्च दर्जाची मूळ फाइल वापरावी. 1963 मध्ये कोणीतरी रेडिओसमोर बसून केलेल्या टेपची उच्च दर्जाची मूळ फाइल मी कोठून आणावी, असे विचारल्यावर तेच उत्तर दुसऱ्या नावाच्या सहीने आले. त्याहून खटकले ते मिनिटांचे गणित. प्रोग्राम मिनिटांवर आकार घेतो, आणि त्यात निवेदकाची बडबड, टाळ्या व गाण्यांमधली रिकामी खरखरही मोजतो. म्हणून मी फाइली कापूनच पाठवतो. तरीही ज्या गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर निवेदक बोलला आहे तिथे पर्याय उरत नाही: निवेदक गायनाच्या स्टेममध्ये जाऊन गायकाच्या जागी उभा राहतो. प्रेक्षकांसमोर झालेल्या कार्यक्रमांच्या टाळ्या तर ड्रम आणि ‘इतर’ (उरलेल्या वाद्यांचा स्टेम) यांत अर्ध्याअर्ध्या वाटल्या जातात व शिट्ट्या गायनात जातात. टाळ्यांचे तुकडे मी आता सरळ मोनोच ठेवतो.

एवढ्यावर माझे मत ‘पैसे वाया’ असेच झाले होते. ते बदलले ते प्रोग्राममुळे नव्हे, पुढच्या मिश्रणामुळे, म्हणून ती रीत जरा तपशिलाने सांगतो.

प्रोग्रामने दिलेला ‘इतर’ हा स्टेम मी वापरतच नाही. गायन, ड्रम आणि बास हे तीन घेऊन त्यांची बेरीज मूळ मोनोमधून वजा करतो आणि जे उरेल त्याला चौथा स्टेम मानतो. यामुळे प्रोग्रामने कुठे काही हरवले असेल तर तेही या उरलेल्यात जमा राहते. मग पॅन करताना रेषीय नियम लावतो, म्हणजे मध्यभागी ठेवलेला स्टेम दोन्ही वाहिन्यांना निम्मा निम्मा जातो. बहुतेक मिक्सर स्वतःहून समशक्ती नियम लावतात. त्यात मध्यभागी ठेवलेले गायन, दोन्ही वाहिन्या पुन्हा एकत्र केल्यावर, टोकाला ठेवलेल्या गिटारपेक्षा 3 डेसिबलने चढते आणि मूळ तोल बिघडतो. रेषीय नियमात डावे अधिक उजवे बरोबर मूळ मोनो, तंतोतंत. तयार झालेल्या स्टिरिओची बेरीज उलट्या ध्रुवतेने (म्हणजे वजा होईल अशी) मूळ फाइलवर ठेवली की पूर्ण शांतता मिळते, आणि ही शांतता मिळत नसेल तर ते रूपांतर मी जपून ठेवत नाही.

दुसरी गोष्ट, टोकाला काहीच ठेवायचे नाही. ड्रम आणि गिटार मध्यापासून एक तृतीयांशाहून अधिक सरकवले नाहीत, तर हाय-हॅटची उडी इतकी आखूड होते की ती उडी न वाटता खोलीतल्या प्रतिध्वनीसारखी वाटते. सुरुवातीला मला हे भित्रेपणाचे वाटले. 2022 मध्ये आलेले बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चे नवे मिक्स कानात होते आणि तशी रुंदी हवी होती. पण त्या कामाला 1966 च्या स्टुडिओतल्या चार ट्रॅकच्या पूर्ण पट्ट्याच्या टेप हाताशी होत्या. आपल्याकडे एकाच ट्रॅकवर एकत्र झालेला आणि लहरींवरून चाळून आलेला आवाज आहे. रोलिंग स्टोन्सच्या बीबीसी ध्वनिमुद्रणांचा ‘ऑन एअर’ हा 2017 मधला संच अधिक जवळचा नमुना आहे, कारण त्यातही ॲबी रोड स्टुडिओच्या तंत्रज्ञांनी मोनो रेडिओ-टेपमधूनच वाद्ये विलग केली होती.

अरुंद मांडणीचा आणखी एक फायदा उशिरा लक्षात आला. प्रक्षेपणाच्या वाटेवर कुठेतरी लिमिटर बसलेला असे, आणि स्नेअरचा प्रत्येक ठोका पडताच तो सगळाच आवाज क्षणभर खाली दाबत असे. मोनोमध्ये हे दाबणे ठोक्याच्या आड लपते. गायनाचा स्टेम एकटा ऐकला तर मात्र गायक प्रत्येक दुसऱ्या मात्रेला विनाकारण दचकल्यासारखा ऐकू येतो. ड्रम फार लांब नेले की कारण एका कोपऱ्यात आणि परिणाम दुसरीकडे अशी फारकत होते. जवळ ठेवले की दोन्ही पुन्हा एकत्र नांदतात.

आता हिशेब. वरची सगळी रीत मोफत आणि खुल्या डेमक्सच्या स्टेमवरही तशीच चालते. गायन आणि ड्रम यांत, मध्यम लहरींच्या टेपवर, मला दोहोंत पैसे मोजण्याइतका फरक ऐकू येत नाही, आणि आधीचे मॉडेल संगणकावर उतरवून ठेवले की ते कोणी रातोरात काढून घेऊ शकत नाही. त्याचा गिटार आणि पियानो वेगळे काढणारा सहा स्टेमचा प्रायोगिक प्रकार मात्र टाळावा. पियानोचा स्टेम समाधानकारक नाही हे खुद्द निर्मात्यांनीच लिहून ठेवले आहे. साध्या संगणकावर डेमक्स संथ चालतो, पण मिनिटांचा मीटर डोक्यावर फिरत नसल्यामुळे त्या संथपणाचा मला राग येत नाही. वर्गणीच्या प्रोग्रामचा बास मात्र अजूनही सरस आहे, हे नाइलाजाने लिहितो.

वार्षिक नूतनीकरण मी रद्द केले आहे. न वापरलेली मिनिटे वर्गणी संपताच बुडतात, म्हणून मुदत संपेपर्यंत उरलेल्या सगळ्या टेपांचे हम काढलेले, गती सुधारलेले आणि निवेदक कापलेले तुकडे त्यात घालून फक्त बासचे स्टेम काढून ठेवतो आहे. गायन आणि ड्रम घरच्या संगणकावर रात्रभर चालू आहेत. जुने मॉडेल निवडण्याची सोय परत येईल का, या माझ्या तिसऱ्या पत्राला अजून उत्तर नाही.